विमानांचीही शाकारणी करा

मृग जवळ आला की पेडणे तालुक्यातल्या केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवल्या जातात. त्याच सुमारास डिचोलीच्या वाड्यांवर कौलं चाळली जातात, फुटकी बदलली जातात, पावसाच्या तोंडच्या भिंतींना झापांचा आडोसा होतो. लाकूड असो, माती असो की लोखंड, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराचा खारा वारा यांच्यापुढे उघडं टाकलेलं टिकत नाही, हे इथे वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मग गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाच्या विमान संग्रहालयाच्या पटांगणात जी जुनी विमानं उभी आहेत, त्यांना हा नियम आपण का लावत नाही? ती विमानं छपराखाली यायला हवीत. आणि त्यासाठीचा सर्वांत मोठा आग्रह दाबोळीपासून लांब असलेल्या पेडणे आणि डिचोलीतून व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

हे संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालं. आत दोन मजली दालन आहे, पण मुख्य ऐवज बाहेर, उघड्यावर. नौदलाच्या विमानांचं संग्रहालय गोव्यात असण्याला कारण आहे. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळली, तेव्हा बाहेरच्या जगाशी संबंध राखण्यासाठी पोर्तुगीज सरकारने दाबोळीच्या सड्यावर विमानतळ उभारला आणि 'टीएआयपी' नावाची हवाई वाहतूक सेवा काढली. दमण, दीव, कराची अशी तिची विमानं जात. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनलची इमारत आणि बाजूला उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र वाचवली. त्याच रात्री उखडलेली धावपट्टी घाईघाईने सावरून ती दोन्ही विमानं अंधारात कराचीकडे निसटली. त्यातलं एक कॉन्स्टेलेशन होतं. नंतर १९६४ मध्ये नौदलाचा 'हंसा' हा तळ तमिळनाडूतून दाबोळीला आला आणि आजतागायत भारताच्या नौदल विमानदलाचं ते एक प्रमुख घर आहे. हलक्या लढाऊ 'तेजस'ची नौदल आवृत्ती शेपटीच्या आकड्याने तार पकडून प्रथम उतरली ती २०१९ मध्ये, याच तळावर. थोडक्यात, पटांगणातली विमानं कुठून तरी आणून मांडलेली नाहीत. ज्या धावपट्टीवरून त्यांतली कित्येक उडाली, तिच्या शेजारीच ती उभी आहेत.

पेडण्याच्या मुलांशी याचा काय संबंध, असं कुणी विचारील. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली. तेव्हापासून वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांत वाढणाऱ्या मुलाच्या बालपणात विमानाचा आवाज गाईच्या हंबरण्याइतकाच रोजचा झाला. पण ते विमान त्याच्या हाताला लागत नाही. ते कुंपणापलीकडे आहे, किंवा डोक्यावरून जाणारी एक पांढरी आकृती आहे. ज्याच्या घरात तिकिटाचे पैसे आहेत तो मुलगा आत जातो, तोही नळीसारख्या बोगद्यातून थेट खुर्चीत बसतो. पंखाची जाडी, चाकाची उंची, पत्र्यावरच्या रिव्हेटांची ओळ त्यालाही दिसत नाही. विमानतळ उशाला असूनही विमान कधी जवळून न पाहिलेली एक पिढी पेडण्यात वाढते आहे. डिचोलीच्या मुलाची स्थिती वेगळी आहे, तरी त्याच जातीची. त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनी खाणीवरची अजस्र यंत्रं चालवली, दुरुस्त केली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि त्यानंतर त्या कधी सुरू, कधी बंद अशा राहिल्या. यंत्राशी हाताळणीतून आलेली जी ओळख त्या तालुक्यात घराघरांत होती, ती पुढच्या पिढीत पातळ होत चालली आहे. या दोन्ही तालुक्यांच्या मुलांना यंत्र जवळून पाहण्याची गरज पणजीच्या मुलांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

लहान वयात पाहिलेल्या यंत्राचा ठसा किती खोल जातो याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. जे. आर. डी. टाटांचं बालपण काही काळ फ्रान्समध्ये गेलं. त्यांच्या कुटुंबाचं सुट्टीतलं घर उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलो या गावी होतं आणि १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा लुई ब्लेरियो तिथला शेजारी. वाळूवर उतरणारी ती विमानं पाहून मुलगा वेडावला आणि पंधराव्या वर्षी एका विमानात बसून आला. पुढे १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्याला मिळाला आणि १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन तो मुंबईत जुहूला उतरला. टाटांचं घर श्रीमंत होतं, हा आक्षेप खरा आहे. म्हणून दुसरं उदाहरण रामेश्वरमच्या होडीवाल्याच्या मुलाचं घेऊ. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी 'अग्निपंख'मध्ये सांगितलं आहे की मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकताना तिथे ठेवलेली दोन निवृत्त विमानं त्यांना सर्वांत जास्त ओढून घेत; इतर विद्यार्थी वसतिगृहात परतल्यावरही ते त्यांच्याजवळ बसून राहत. ती विमानं पुन्हा कधी उडणार नव्हती. नवी तर नव्हतीच. पण ती खरी होती आणि जवळ होती, आणि तेवढं पुरलं. गरीब घरातल्या मुलासाठी निवृत्त यंत्र हेच विमानाशी ओळख होण्याचं सर्वांत स्वस्त दार आहे, हे कलामांच्या साक्षीतून निघणारं अनुमान मला निर्विवाद वाटतं.

आता बोगमाळोच्या पटांगणात शिरू. सर्वांत आधी नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनकडे. चार इंजिनं, माशासारखा बाक असलेलं लांबलचक अंग आणि मागे एकाऐवजी तीन उभ्या शेपट्या. एअर इंडियाच्या ताफ्यात या जातीच्या विमानांना 'राणी ऑफ झाशी' अशी राण्यांची नावं असत. पुढे ती हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आली. शेपट्या तीन का, हा प्रश्न कुठलंही मूल विचारतंच. एकच शेपटी ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरमध्ये विमान मावलं नसतं. म्हणून उंची तिघींत वाटली. छपराखाली मावावं म्हणून ज्याचा आकारच बदलला, ते विमान आज बोगमाळोत छपराविना उभं आहे. त्याच्याजवळच शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं छोटं विमान आहे. १९५३ मध्ये नौदलाच्या विमानदलाची सुरुवात झाली ती या जातीच्या विमानांनी. जगात ती एकूण २५च बनली आणि आज उरलेली बोटांवर मोजता येतील. ब्रिटिश काळातलं फायरफ्लाय आहे, 'विक्रांत'च्या डेकवरून १९७१ मध्ये चित्तगाव आणि कॉक्स बझारवर झेपावलेल्या सी हॉकच्या जातीचं विमान आहे, पाणबुड्या हुडकणारं अलिझे आहे, आणि १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्याच्या आभाळात जागच्या जागी तरंगताना दिसलेलं सी हॅरियर आहे. सी हॅरियरच्या पोटाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन तोंडं आहेत. ती फिरवली की इंजिनाचा झोत मागे न जाता खाली जातो आणि विमान सरळ उभं उतरतं. न्यूटनचा तिसरा नियम सातवी-आठवीच्या मुलाला कळायला या चार तोंडांपुढे पाच मिनिटं उभं राहणं पुरे.

पण छपराच्या मुद्द्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते व्हँपायर. दोन दांड्यांची शेपटी असलेलं हे जेट विमान. जेट म्हटलं की धातू डोळ्यांपुढे येतो, पण व्हँपायरचा बसण्याचा पुढचा सगळा भाग लाकडाचा आहे. बाहेर प्लायवूडचे थर, मध्ये बाल्सा हे कापसासारखं हलकं लाकूड, आणि सगळं एकमेकांना चिकटवलेलं. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती आणि ब्रिटनमध्ये फर्निचर बनवणारे कुशल सुतार उपलब्ध होते, त्यातून डी हॅविलँड कंपनीने लाकडी विमानांची ही विद्या वाढवली आणि ती जेटपर्यंत नेली. पेडण्यातल्या कुठल्याही सुताराला विचारा की प्लायवूडवर रंगाचा हात देऊन ते पावसात उभं ठेवलं तर काय होईल. सांध्यातून पाणी शिरतं, थर सुटतात, आतलं लाकूड कुजतं, आणि वरून रंग मात्र बरा दिसत राहतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाकडी जेट उघड्यावर ठेवण्यासाठी याहून वाईट हवामान शोधावं लागेल.

धातूच्या विमानांचंही बरं चालत नाही. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. बळकटी यावी म्हणून त्यात तांबं मिसळलेलं असतं, आणि तेच तांबं गंजाला आमंत्रण देतं. म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. पण विमान म्हणजे हजारो भोकं आणि हजारो रिव्हेट. प्रत्येक भोकाच्या काठाशी तो थर फाटलेला असतो. तिथे समुद्राची खारी दमट हवा बसते, जवळ पोलादी बोल्ट असला तर दोन धातू आणि मिठाचं पाणी मिळून बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत ॲल्युमिनियम झिजत जातं. आधी पांढरी भुकटी दिसते, मग पत्रा खारीच्या बिस्किटासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुगतो. पाणी निथळायला विमानाच्या पोटात ठेवलेली भोकं पानांनी आणि पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजतात. रबर तडकतं, कॉकपिटची पारदर्शक छत्री उन्हाने धुरकट होते. यावर दरवर्षी रंग देतात की, असं म्हणणारे भेटतात. रंग हवाच, पण आत मुरलेलं मीठ न काढता दिलेला रंग ओलावा कोंडून ठेवतो. छपराने हे सगळं थांबत नाही, कारण खारी हवा छपराखालीही येते. पण थेट पाऊस, थेट ऊन आणि साचणारं पाणी ही तीन मोठी कारणं एका फटक्यात दूर होतात. जगातली बहुतेक मोठी विमान संग्रहालयं आपली जुनी विमानं हँगरमध्ये ठेवतात ती याचसाठी.

दुर्लक्षाचा शेवट कुठे होतो हे मराठी माणसाने मुंबईत पाहिलं आहे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षं ती तरंगतं संग्रहालय होती, मुंबईतल्या शाळांच्या सहली तिच्या डेकवर जात. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरून लोकांसाठी बंद झाली, सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटरसायकलच्या पेट्रोलटाकीत गेला. 'विराट'साठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली होती. निवतीच्या खडकाजवळ, म्हणजे पेडण्याहून फार लांब नसलेल्या सिंधुदुर्गाच्या समुद्रात, ती संग्रहालय म्हणून उभी राहायची होती. २०२० मध्ये ती अलंगच्या भंगारवाड्यात गेली. 'विक्रांत'च्या बाबतीत क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी देखभाल मागे पडते, मग वस्तू असुरक्षित होते, आणि मग सुरक्षेचं कारण पुढे करून ती मोडीत काढणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्या टप्प्यावर याचिका, मोर्चे, भावना काही उपयोगाचं नसतं. उपाय करायचा तो पहिल्या टप्प्यावर, आणि तेव्हा तो स्वस्तही असतो.

पैशांचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शाळांची छपरं गळत असताना विमानांना छप्पर कशाला, हा प्रश्न कुणी दुष्टपणाने विचारत नाही. पण इथे काचेचं राजमहालासारखं दालन कुणी मागत नाही. लोखंडी खांबांवर पत्र्याची उंच शेड, बाजू उघड्या, जमिनीला उतार आणि पाण्याला वाट, एवढंच. अशा शेडी डिचोलीच्या खाणपट्ट्यात आपण वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत आणि त्या उभारणारे फॅब्रिकेटर इथलेच आहेत. वास्कोतच गोवा शिपयार्ड आहे. खाऱ्या हवेत धातू कसा सांभाळावा हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. सगळी विमानं एका वर्षात झाकायचीही गरज नाही. आधी व्हँपायर, मग सीलँड आणि फायरफ्लाय, म्हणजे जी बदलून मिळणार नाहीत ती. सुपर कॉन्स्टेलेशनचा पंखविस्तार साडेसदतीस मीटरच्या आसपास आहे, त्याची शेड शेवटी होईल. राज्य सरकार, नौदल आणि विमानतळांमधून उत्पन्न मिळवणाऱ्या कंपन्या यांनी मिळून उचलावं इतकंच हे काम आहे. मोबाइलवर सगळं दिसतं, मग खऱ्या विमानाची गरज काय, या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याच्या गोष्टीवर आपण शंभर वर्षं वाद घालतो आहोत, कारण पाहण्यासारखा एक खिळाही मागे उरला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'च्या आधारावर त्याबद्दल दावे होतात, त्यातली यंत्रं उडू शकणार नाहीत असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं. वस्तू नसली की दंतकथा उरते. जिने वस्तू हाताने चाचपली आहे, त्या मुलीला दंतकथा आणि तंत्रज्ञान यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ही युद्धाची यंत्रं आहेत, ती दाखवून मुलांच्या मनात युद्धाची हौस का पेरायची, असं विचारणारे शिक्षक आहेत आणि त्यांचा मी आदर करतो. म्हणूनच ती पूर्ण हकिकतीसह दाखवायला हवीत. नौदलाच्या चेतक हेलिकॉप्टरने पुरातून आणि बुडत्या होड्यांवरून माणसं उचलली, हेही सांगायला हवं. १९६१ ची हकिकत तर गोव्याच्या मुलाने विमानांच्या सावलीत उभं राहूनच ऐकावी: नाकेबंदी कशासाठी होती, धावपट्टी कुणी बांधली, बॉम्ब कुठे पडले, काय वाचवलं गेलं. गोव्याच्या मुक्तीची गोष्ट पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकते. ती प्रत्यक्ष जागेवर मराठीत आणि कोंकणीत सांगणारे मार्गदर्शक आणि माहितीफलक असतील, तर तेच संग्रहालय युद्धाच्या हौशीऐवजी समज देईल. यंत्र लपवल्याने युद्ध लपत नाही.

मोपाच्या सड्यावरच्या ज्या कुटुंबांच्या काजूच्या बागा, गुरांची चराऊ रानं आणि झरे विमानतळाखाली गेले, त्यांच्यापुढे विमानांचं कौतुक करणं दुखऱ्या जागी बोट ठेवण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. त्यांच्या मोबदल्याचे आणि नोकऱ्यांचे प्रश्न कुठल्याही संग्रहालयाने सुटणार नाहीत, ते वेगळे लढावे लागतील. पण ज्या तालुक्याने विमानांसाठी एवढं दिलं, त्याच्या मुलांना विमानाची फक्त घरघर मिळावी आणि विद्या मिळू नये, हा दुसरा अन्याय आहे. यावर उपाय म्हणून मोपाच्या फाट्यावर एखादं जुनं लढाऊ विमान खांबावर चढवून ठेवावं, अशी सूचना कधीतरी येईल. ती मान्य करू नये. खांबावरचं विमान चौकाची शोभा होतं. त्याच्या पोटाखाली उभं राहता येत नाही आणि पावसापासून त्याला वाचवताही येत नाही. त्यापेक्षा पेडण्याची मुलं बोगमाळोला नेणं सोपं आहे. कोलवाळचा पूल, अटल सेतू आणि झुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून सकाळी निघालेली बस दुपारच्या जेवणापर्यंत सगळं दाखवून परतीला लागू शकते. डिचोलीहूनही तेच. अनुदानित शाळांकडे सरकारने दिलेल्या बालरथ बसगाड्या आहेत. त्या वर्षातून एकदा या रस्त्याला लागाव्यात.

तेव्हा दोन विनंत्या. पेडणे आणि डिचोलीच्या आमदारांनी विधानसभेच्या येत्या अधिवेशनात या शेडींचा प्रश्न मांडावा आणि नौदलाशी बोलणी सुरू करावीत, म्हणजे निदान व्हँपायरवर पुढच्या मृगाआधी छप्पर येईल. आणि दोन्ही तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांनी त्या छपराची वाट न पाहता, पाऊस उघडताच इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांना तिथे न्यावं. संग्रहालय सोमवारी बंद असतं.